हॅवलॉक एलिस : कामभावनेचा अभ्यासक आणि न लढलेला खटला

३१ मे १८९८ रोजी लंडनमध्ये जॉर्ज बेडबरो नावाच्या गृहस्थाला पोलिसांनी अटक केली. साध्या वेषात आलेल्या एका गुप्त पोलिसाला त्याने एक पुस्तक विकले होते. पुस्तकाचे नाव होते 'सेक्शुअल इन्व्हर्जन', विषय समलैंगिकता आणि लेखक हॅवलॉक एलिस. या पुस्तकाने समाजाची नीती बिघडते, असा सरकार पक्षाचा दावा होता. ज्याने ते लिहिले त्याच्यावर आरोप ठेवला गेला नाही; ज्याने विकले तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

माणसाच्या कामभावनेकडे पाप, गुन्हा किंवा रोग म्हणून न पाहता अभ्यासाचा विषय म्हणून पाहणाऱ्या पहिल्या काही इंग्रज विद्वानांत एलिस यांची गणना होते. फ्रॉइड यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. एलिस यांचे नाव मात्र ग्रंथालयाच्या कपाटात मागे पडले आहे. वास्तविक फ्रॉइड यांनी वापरलेल्या काही संकल्पना एलिस यांच्याकडून आलेल्या होत्या, आणि मुंबईच्या न्यायालयात एका मराठी संपादकाच्या बचावातही एलिस यांचे संशोधन पुढे करण्यात आले होते. त्यामुळे या आयुष्याकडे वळून पाहणे आपल्यालाही अप्रस्तुत नाही.

कप्तानाचा मुलगा

हेन्री हॅवलॉक एलिस यांचा जन्म २ फेब्रुवारी १८५९ रोजी लंडनच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे झाला. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान, त्यामुळे बहुतेक काळ समुद्रावर. आई कडक धार्मिक वळणाची. मुलगा अबोल, संकोची आणि पुस्तकात रमणारा. सातव्या वर्षी वडिलांसोबत त्याने जहाजातून सिडनी आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा पाहिला.

१८७५ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो पुन्हा वडिलांच्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेला आणि तेथेच राहिला. खासगी शाळेत मास्तरकी, एका कुटुंबातील मुलांची शिकवणी, मग ग्राफ्टन येथील शाळा, असे करत करत तो स्पार्क्स क्रीक नावाच्या दुर्गम वस्तीतील सरकारी शाळेवर पोहोचला. आसपास रान, सोबतीला कोणी नाही आणि मनात ऐन तारुण्यातील सगळे प्रश्न. स्वतःच्या शरीरात जे घडत होते त्याबद्दल विचारावे असे माणूस नव्हते आणि वाचावे असे पुस्तकही नव्हते. त्या काळची वैद्यकीय पुस्तके तरुणांना केवळ भीती घालत. स्वप्नावस्था आणि हस्तमैथुन यांमुळे शक्ती जाते, बुद्धी भ्रष्ट होते, वेड लागते, असे त्यांत छातीठोकपणे लिहिलेले असे. पुढच्या पिढीतील मुलांना हा अंधार भोगावा लागू नये म्हणून आपण हाच विषय आयुष्यभर अभ्यासावा, असा निश्चय एलिस यांनी ऑस्ट्रेलियात केला. तेथेच जेम्स हिंटन या इंग्रज शल्यवैद्य-तत्त्वज्ञाचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. विज्ञान आणि अंतःकरणाची ओढ यांत वैर असण्याचे कारण नाही, हा विश्वास त्यांना त्यातून मिळाला.

१८७९ मध्ये ते इंग्लंडला परतले. या विषयावर अधिकाराने लिहायचे तर डॉक्टर व्हावे लागेल, हे ओळखून त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण घेतले. १८८९ मध्ये परवाना मिळाला, पण डॉक्टरकीचा व्यवसाय त्यांनी नेमाने असा कधी केला नाही. जुन्या इंग्रजी नाटककारांच्या 'मर्मेड' मालेचे आणि समकालीन विज्ञानाच्या एका ग्रंथमालेचे संपादन करून ते पोट भरत. याच काळात 'फेलोशिप ऑफ द न्यू लाइफ' या मंडळात त्यांचा वावर होता. याच मंडळातून फुटून पुढे फेबियन सोसायटी जन्मली. दक्षिण आफ्रिकेची लेखिका ऑलिव्ह श्रायनर, कवी-विचारवंत एडवर्ड कार्पेंटर अशी माणसे त्यांना या वर्षांत भेटली.

न भेटलेला सहलेखक

कामजीवनावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा बेत होता. पहिला खंड समलैंगिकतेवर निघाला, याला जॉन ॲडिंग्टन सिमंड्स कारणीभूत होते. सिमंड्स हे इटलीच्या प्रबोधनकाळाचे मोठे इतिहासकार. विवाहित, चार मुलींचे वडील आणि स्वतः पुरुषांकडे ओढ असलेले. प्राचीन ग्रीकांच्या समाजात पुरुषांच्या परस्परप्रेमाला प्रतिष्ठेचे स्थान होते, यावर त्यांनी निबंध लिहून अवघ्या काही प्रती खासगीरीत्या छापल्या होत्या. एलिस आणि सिमंड्स यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. सगळे सहकार्य पत्रांतून झाले. १८९३ मध्ये सिमंड्स रोममध्ये वारले आणि काम एलिस यांच्यावर पडले.

या पुस्तकाची रीतच नवी होती. ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांचा १८८६ चा प्रसिद्ध ग्रंथ रुग्ण आणि गुन्हेगार यांच्या हकिकतींवर उभा होता. एलिस यांनी आणि सिमंड्स यांनी पोलीसठाण्यात किंवा वेड्यांच्या इस्पितळात कधी न गेलेल्या, समाजात व्यवस्थित वावरणाऱ्या लोकांकडून त्यांचे स्वतःचे वृत्तांत मिळवले. लहानपणी काय वाटले, पहिले आकर्षण कोणाचे, आज आपण स्वतःकडे कसे पाहतो, हे त्या माणसांनीच सांगितले. नावे गाळून हे वृत्तांत छापले गेले. त्यांतून निघणारा निष्कर्ष सरळ होता : ही प्रवृत्ती बव्हंशी जन्मजात असते, ती रोग नव्हे आणि तिला गुन्हा ठरवणारा कायदा निरर्थक आहे.

हे लिहिण्याची वेळ अत्यंत वाईट होती. १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधील सर्व प्रकारच्या शरीरसंबंधांना गुन्हा ठरवले होते आणि १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांना त्याच कायद्याखाली सक्तमजुरी झाली होती. इंग्रज प्रकाशक बिचकले. ग्रंथ आधी १८९६ मध्ये जर्मनीत, जर्मन भाषेत निघाला. १८९७ मध्ये इंग्रजी आवृत्ती आली, तेव्हा सिमंड्स यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने घराण्याच्या अब्रूच्या भीतीने बहुतेक प्रती विकत घेऊन नष्ट करवल्या आणि सिमंड्स यांचे नाव काढायला लावले. मुखपृष्ठावर एलिस एकटेच उरले.

न लढलेला खटला

बेडबरो हे 'लेजिटिमेशन लीग' या संस्थेचे कार्यकर्ते होते. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलांना कायदेशीर हक्क मिळावेत, ही या संस्थेची मागणी. तिच्यात अराजकवादी शिरले आहेत असा पोलिसांना संशय होता आणि एलिस यांचे पुस्तक हे संस्थेला चिरडण्याचे आयते निमित्त ठरले. बचावासाठी समिती स्थापन झाली. बर्नार्ड शॉ, कार्पेंटर, जॉर्ज मूर अशी नावे तिच्यात होती. हा खटला शेवटपर्यंत लढवला जाईल आणि शास्त्रीय ग्रंथ लिहिण्याच्या स्वातंत्र्याचा निकाल लागेल, अशी अपेक्षा होती.

ती पुरी झाली नाही. ऑक्टोबर १८९८ मध्ये बेडबरो यांनी सरकार पक्षाशी समझोता करून काही आरोप कबूल केले आणि जामिनावर सुटले. ग्रंथाच्या शास्त्रीय मूल्याबद्दल साक्ष द्यायला एकही तज्ज्ञ उभा राहिला नाही. न्यायाधीशांनी पुस्तकाला शास्त्राचा मुखवटा घातलेली घाण ठरवले. एलिस स्वतः न्यायालयात बोलले नाहीत. त्यांनी एक पत्रक काढून यापुढे हा ग्रंथ इंग्लंडमध्ये प्रसिद्ध करणार नाही, असे जाहीर केले. उरलेले खंड अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय प्रकाशकाने काढले, आणि तेही केवळ डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांना विकण्याच्या अटीवर. सामान्य वाचकाला ते मोकळेपणी मिळायला १९३६ साल उजाडावे लागले.

एलिस यांच्या स्वभावाचा हा भाग विसरता येत नाही. ते लेखणीने निर्भय आणि देहाने भित्रे होते. १९२८ मध्ये रॅडक्लिफ हॉल यांच्या 'द वेल ऑफ लोनलिनेस' या कादंबरीला त्यांनी अभिप्राय लिहून दिला. पण त्या कादंबरीवर बंदी घालण्याचा खटला उभा राहिला तेव्हा साक्षीला जाण्याचे त्यांनी नाकारले. आपण चांगले साक्षीदार ठरणार नाही, असे त्यांना वाटत होते. ते खरेही असेल. परंतु त्यांच्या विचारांची किंमत अनेकदा दुसऱ्यांनी मोजली, हेही तितकेच खरे.

सात खंडांत काय आहे

'स्टडीज इन द सायकॉलॉजी ऑफ सेक्स' या ग्रंथाचे सहा खंड १९१० पर्यंत आणि सातवा १९२८ मध्ये आला. आपल्या परंपरेत काम, रती आणि शृंगार असे तीन वेगवेगळ्या अर्थच्छटांचे शब्द आहेत. रती हा भाव आणि शृंगार हा रस, हे नाट्यशास्त्रापासून आपल्याला परिचित आहे. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मात्र या विषयासाठी एक वैद्यकाची भाषा होती आणि एक शिवीगाळीची. मधली जागा रिकामी होती. एलिस यांनी ती भरण्याचा प्रयत्न केला. मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, काव्य, चित्रकला, प्रवासवर्णने, धर्मग्रंथ असे सारे त्यांनी एका पानावर आणून बसवले. प्रेम आणि वेदना यांचे नाते तपासताना नखक्षत व दंतक्षतांचा विचार करणारा वात्स्यायनही त्यांच्या विवेचनात येतो.

त्यांच्या काही मतांचा परिणाम दूरवर झाला. लज्जा ही निसर्गदत्त आणि सर्वत्र सारखी असते, ही समजूत त्यांनी मोडून काढली. एका समाजात चेहरा झाकतात, दुसऱ्यात पाय, तिसऱ्यात खाताना तोंड. झाकण्याची वस्तू बदलते. लज्जा कामभावनेची शत्रू आहे असे मानले जाते, पण ती तिच्याच रचनेचा एक भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. 'ऑटो-इरॉटिझम' हा शब्द त्यांनी १८९८ मध्ये घडवला. दुसऱ्या व्यक्तीच्या सहभागावाचून, दिवास्वप्नांपासून हस्तमैथुनापर्यंत, जे जे कामसुख उद्भवते त्या सर्वांना त्यांनी एका नावाखाली आणले. त्याने वेड लागते याला पुरावा नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. स्वतःच्याच रूपावर भाळणाऱ्या ग्रीक पुराणातील नार्सिसस याची उपमा याच लेखनातून मानसशास्त्रात शिरली. १९०५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत फ्रॉइड यांनी हा शब्द घेतला आणि त्याचे श्रेय एलिस यांना दिले, जरी अर्थ बराच बदलला.

बहुसंख्य स्त्रियांना कामेच्छा जवळजवळ नसतेच, असे विल्यम ॲक्टन यांच्यासारखे प्रतिष्ठित डॉक्टर लिहीत होते. एलिस यांनी स्त्रियांच्या हकिकती पुढे ठेवून ते खोडून काढले. पुढे एका खंडात त्यांनी स्पर्श, गंध, नाद आणि दृष्टी या चार इंद्रियांच्या वाटेने आकर्षण कसे निर्माण होते, याचा स्वतंत्र अभ्यास मांडला.

कलेच्या अभ्यासकांना सर्वांत मोलाचा वाटावा असा भाग पाचव्या खंडात आहे. प्रिय व्यक्तीचा हातमोजा, केसांची बट, पादत्राण अशी वस्तू त्या व्यक्तीच्या जागी येऊन बसते, या घटनेला एलिस यांनी कामभावनेतील प्रतीकनिर्मिती म्हटले. क्राफ्ट-एबिंग यांनी ज्याला विकृतीच्या रकान्यात टाकले होते त्याची सुरुवात प्रत्येक प्रेमिकाच्या मनात होते, हे एलिस यांनी दाखवले. सामान्य आणि असामान्य यांच्यामध्ये भिंत नाही, उतार आहे. शिवाय एका वस्तूत दुसरे काही पाहण्याची ही शक्ती कवीजवळही असते. म्हणून त्यांच्या लेखी कामुकता ही कल्पनाशक्तीची सख्खी बहीण ठरते.

याच विचाराला त्यांनी पुढे तत्त्वज्ञानाचे रूप दिले. प्रजोत्पत्ती हे कामजीवनाचे एकमेव प्रयोजन नाही. त्यात क्रीडेचाही वाटा आहे आणि ती क्रीडा माणसाला घडवते, असे त्यांनी १९२२ च्या निबंधसंग्रहात प्रतिपादिले. १९२३ च्या 'द डान्स ऑफ लाइफ' या ग्रंथात नृत्य, विचार, लेखन, धर्म आणि नीती या सर्वांकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी आहे. नियम पाळणे एवढ्यापुरती नीती नसते. नर्तकाला तोल सांभाळावा लागतो तशी ती सांभाळावी लागते, असा त्याचा आशय. अमेरिकेत हे पुस्तक अतिशय खपले. अश्लीलतेच्या कायद्यांवरही त्यांनी उत्तरायुष्यात टीका केली. लपवल्यामुळेच वस्तू अश्लील होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

फ्रॉइड आणि एलिस यांचा पत्रव्यवहार दीर्घकाळ चालला, पण जुळले नाही. फ्रॉइड यांना सिद्धान्त हवा होता; एलिस यांना माणसांचे वैविध्य नोंदवण्यात रस होता. फ्रॉइड हे शास्त्रज्ञापेक्षा कलावंत अधिक आहेत, असे एलिस यांनी लिहिले. त्यांनी ते कौतुक म्हणून लिहिले होते; फ्रॉइड यांना तो आपल्या शास्त्राचा अव्हेर वाटला.

एडिथ

१८९१ मध्ये एलिस यांनी लेखिका एडिथ लीस यांच्याशी विवाह केला. दोघांनी स्वतंत्र घरे ठेवली, पैसे स्वतंत्र ठेवले आणि मूल होऊ दिले नाही. एडिथ यांना स्त्रियांचे आकर्षण होते. एलिस यांच्या पुस्तकातील एक अनामिक वृत्तांत त्यांचाच आहे, असे चरित्रकार मानतात. एलिस यांचीही इतर स्त्रियांशी जवळीक होती आणि कामजीवनावर हजारो पाने लिहिणारा हा माणूस स्वतः प्रदीर्घ काळ लैंगिकदृष्ट्या असमर्थ होता, हे त्यांच्या चरित्रांतून समोर आले आहे.

हे सहजीवन मोकळेपणाचा आदर्श म्हणून सांगितले जाते, पण ते सोपे नव्हते. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील खटल्यातून निसटून आलेल्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या मार्गारेट सँगर लंडनला एलिस यांना भेटल्या. एलिस त्यांच्यात गुंतले, ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांच्या वाचनाला वळण लावू लागले आणि ते सर्व एडिथ यांना पत्राने कळवीत राहिले. सत्य सांगणे हे त्यांना कर्तव्य वाटत होते. ते वाचणारीला काय वाटेल, याचा अंदाज मात्र या मनोव्यापारांच्या अभ्यासकाला आला नाही. एडिथ खचल्या. कायदेशीर विभक्तीनंतर थोड्याच काळात, सप्टेंबर १९१६ मध्ये, त्यांचे निधन झाले. पुढे फ्रान्स्वाज लाफित-सियाँ यांच्या सहवासात एलिस यांना उतारवयात स्थैर्य लाभले. ८ जुलै १९३९ रोजी सफकमधील हिंटलशम येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मुंबईतील न्यायालय

एलिस यांनी जो खटला लढवला नाही तसाच एक खटला १९३४ मध्ये मुंबईत उभा राहिला. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. वाचक हस्तमैथुन, समलैंगिकता यांबद्दल पत्रे पाठवीत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय, निःसंकोच उत्तरे देत. या उत्तरांना अश्लील ठरवून त्यांच्यावर खटला भरला गेला. ज्या इंग्रजी कसोटीवर बेडबरो यांच्या काळात पुस्तके जोखली जात, तीच १८६८ ची हिकलिन कसोटी भारतीय न्यायालयांतही प्रमाण होती. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता आणि त्यासाठी त्यांनी एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतल्याचे नमूद आहे. निकाल विरुद्ध गेला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत कर्वे ते काढत राहिले.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३५ मध्ये, एलिस यांच्या शिष्या म्हणाव्यात अशा मार्गारेट सँगर वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या. कामजीवनाला प्रजोत्पत्तीपलीकडे मूल्य आहे, ही सँगर यांची बाजू. संयम हाच उपाय, ही गांधीजींची. दोघांचे एकमत झाले नाही.

आजच्या अभ्यासकांच्या नजरेतून

एलिस यांच्यावर आज होणारी टीका तीन अंगांनी येते. सुप्रजननशास्त्राला त्यांनी पाठिंबा दिला आणि त्या चळवळीच्या संस्थेत पदही भूषवले. पुढे त्या विचाराने युरोपात जे केले ते पाहता हा डाग पुसता येत नाही. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यांच्या वेदनाविषयक विवेचनावर बोट ठेवले. स्त्रीला किंचित वेदनेत सुख वाटते, या त्यांच्या मतामुळे पुरुषी आक्रमकतेला शास्त्राचा आधार मिळाला, असा त्यांचा आक्षेप आहे. मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये सगळ्या लैंगिक विज्ञानालाच प्रश्न विचारला. माणसांना बोलते करून त्यांना नावे देणे, रकान्यांत बसवणे, हीही सत्ताच नव्हे काय, असा त्यांचा रोख होता.

या तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरी फूको यांच्या प्रश्नाला एक बाजू उरते. एलिस यांच्या ग्रंथातील अनामिक माणसांना बोलायला कोणी भाग पाडले नव्हते. आपल्यासारखे आणखी कोणी आहे काय, हे त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि ते कळण्यासाठी आधी कोणीतरी लिहिणे आवश्यक होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो जुना कायदा १९६७ मध्ये सैल झाला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. बेडबरो यांच्या अटकेला तोवर एकशे वीस वर्षे झाली होती.

एलिस यांच्या अस्थी उत्तर लंडनमधील गोल्डर्स ग्रीनच्या स्मशानभूमीच्या बागेत विसर्जित करण्यात आल्या. ऑस्ट्रेलियाच्या रानातील त्या एकाकी मास्तराला जे पुस्तक सापडले नव्हते, ते त्याने स्वतः लिहिले. अपुरे, काही ठिकाणी चुकीचे, पण लिहिले. आपल्या घरातील मुले आज हेच प्रश्न घेऊन मोबाइलकडे वळतात आणि तेथे त्यांना उत्तरांऐवजी बाजार भेटतो. त्यांच्याशी शांतपणे, लाज न बाळगता आणि भीती न घालता बोलायचे काम अजून पालकांकडेच शिल्लक आहे.